पिवळं काही जाईना

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि पहिल्याच दिवशी डोक्याला ताप. नियतकालिकाकडे पाठवलेल्या संशोधन-लेखाचा मेल आलाय. काम आवडलं म्हणे, पण परीक्षकाला शंका आहे. एवढा चांगला परिणाम एकाच वेळी आणलेल्या मातीवर मिळालाय, तर त्याच शेतातली ताजी माती आणा, तीनदा उत्प्रेरक नव्यानं बनवा आणि प्रत्येक वेळी तसंच होतं हे दाखवा. बरोबरच आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, आणि तरी मला त्याचा लय राग आलाय.

महारुद्र सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले, "राजेश्री, घाबरू नकोस, महिन्याभराचं काम आहे." सरांना काय जातंय म्हणायला. माझी नोंदणी दोनदा वाढवून झाली, जानेवारीअखेर संपते. लेख स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंधावर सही करणार नाही हे त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय. म्हणजे हा लेख हुकला की पीएचडी हुकली, आणि मी तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत म्हातारी होणार.

घरी आल्यावर नागेशला सांगितलं. (डायरीत नवऱ्याचं नाव लिहायला कुणाची भीती आहे.) हे एसटीत कंडक्टर, परभणी–पालम गाडीवर. माझं काम इतकंच ठाऊक की बायको मातीला तांबं लावते आणि त्यानं पिवळं पाणी पांढरं करते. तसं ते खोटं नाही. शेतातल्या काही औषधांतून एक पिवळं विष मागे राहतं. त्यात रसायन घालून वर माझा उत्प्रेरक चिमूटभर टाकला की पिवळं उडतं, विष मोडतं. उत्प्रेरक म्हणजे तांब्याचे बारीक कण, आपल्या काळ्या मातीवर बसवलेले.

"काम तांबं करतंय ना?" हे म्हणाले. "मग मातीचं काय एवढं धरून बसलाव तुमी लोक?"

म्हटलं, "अहो, एकच पीठ मातीच्या तव्यावर टाका आणि बिडाच्या तव्यावर टाका. भाकरी एकसारखी होती का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

तेवढ्यावर पटलं त्यांना. परीक्षकाला असं पटलं असतं तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

आत्याबाईंना फोन केला. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. पालमजवळच्या आमच्या गावी राहतात, मामंजी आणि त्या मिळून शेत बघतात. मागच्या वर्षी माती त्यांनीच आणून दिली होती. मी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की कधीच खत पडलं नाही, कधीच फवारा लागला नाही अशी माती पाहिजे. नव्याकोऱ्या खणात गाठ मारून घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं होतं, खण कशाला वाया घातला, पिशवी नव्हती का घरात?

आज म्हटलं, "आत्याबाई, गेल्या साली दिली तसली माती अजून पाहिजे."

"ती पुरली न्हाई का?"

"संपली."

"समदी? धुतल्यावर उरलेली कुटं टाकलीस माय? कुनाच्या पायाखाली तर न्हाई ना आली?"

मला इथं जिवाची पडलीय आणि ह्यांना माझी झाडलोट तपासायची पडलीय. म्हटलं, कुंडीत टाकली तुळशीच्या. तर म्हणाल्या, बरं केलंस. आणि मग म्हणाल्या, "आता न्हाई जमायचं माय. गुडघे धरलेत. नागेशला सांग, बांधावरची आनंल."

गंगाखेडला बारशाला जाताना गुडघे बरे होते. सुनेच्या शिकण्याची गोष्ट आली की धरतात. मी तोंडानं काही बोलले नाही, पण इथं लिहिते. त्यांना माझं शिकणं मनातून कधी पटलंच नाही.

१९ नोव्हेंबर

यांनी माती आणली. कशात, तर युरियाच्या गोणीत. मी डोक्याला हात लावला. म्हणतात, "धुतली होती की गोन." दुसऱ्या खेपेला स्टीलच्या डब्यात आणायला लावली. बांधावरची आहे, पण वरचा थर काढून खालून घेतली म्हणाले. आपलंच शेत, तीच काळी माती. होईल.

२६ नोव्हेंबर

माती पाण्यात कालवली, गाळ बसू दिला, वरचं गढूळ पाणी मलमलीतून गाळलं, वाळवलं, भट्टीत तापवलं. मग तांब्याच्या क्षाराचं पाणी पाजलं, पुन्हा वाळवलं. सगळं मागच्यासारखं, तसूभर फरक नाही.

आज पिवळ्या पाण्यात टाकलं. मागच्या वेळी चहा गाळून होईपर्यंत पाणी नितळ झालं होतं. आज मी चहा करून, पिऊन, कप धुऊन आले तरी पिवळंच.

२७ नोव्हेंबर

पिवळंच.

१ डिसेंबर

तांब्याच्या क्षाराची बाटली बदलली, दुसरं रसायन नवं मागवलं. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित करून घेतलं. तरी तेच.

आज धम्मशीलावर ओरडले. ती माझ्या शेजारच्या ओट्यावर काम करते, माझ्यानंतर लागली आणि माझ्याआधी उरकणार अशी चिन्हं आहेत. मी म्हटलं, रसायनाची बाटली उघडी कुणी ठेवली होती, तूच ना? तिनं शांतपणे दाखवलं की तिची बाटली वेगळी आहे, नाव घालून ठेवलेली. मग मला म्हणाली, "ताई, तांब्याला किती दिवस शिव्या देणार तुम्ही? ज्याच्यावर बसवलंय त्याला विचारा की एकदा."

मी म्हटलं, माती तीच आहे. तर म्हणाली, "शेत तेच आहे. माती तीच आहे कशावरून?"

तिच्यावर अजून चिडले, कारण ती बरोबर बोलत होती.

४ डिसेंबर

जुनी माती चिमूटभर सापडली. मागे नांदेडला क्ष-किरण तपासणीला पाठवलेली कुपी परत आली होती, ती सरांच्या कपाटात पडून होती. धम्मशीलानंच आठवण केली. दोन काचांवर दोन्ही माती घेतल्या आणि सौम्य आम्लाचा एकेक थेंब टाकला. नव्या मातीवर जरासं चुरचुरलं आणि गप्प. जुन्या मातीवर सोड्यासारखं फसफसून वर आलं.

म्हणजे चुना. आपल्या काळ्या मातीत चुनखडी थोडीफार असतेच, पण ही थोडीफार नव्हे. जुन्या मातीत पांढरे कण दिसले होते मला तेव्हाही. मी ते चाळणीत अडकतील म्हणून सोडून दिलं होतं. हुशारी.

लगेच आत्याबाईंना फोन केला. "ती माती शेतात नेमकी कुठली होती?"

"शेतातलीच की," म्हणाल्या.

"शेतात कुठली? विहिरीजवळची? नाल्याकाठची?"

"आता ध्यानात न्हाई माय."

"आठवा ना. माझी पाच वर्षं पाण्यात जायलेत इथं."

"दूध वर यायलंय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ह्या वेळेला कुणाच्या घरी दूध तापतं? एवढंसं आठवायला काय होतं? मी एवढी चिडले की सरळ लिहिताही येईना.

७ डिसेंबर, रविवार

यांच्याच गाडीनं गावी गेले. पर्समध्ये आम्लाची छोटी बाटली, ड्रॉपर आणि खुरपं. शेतात कोपऱ्या-कोपऱ्यानं माती उकरून थेंब टाकत हिंडले. विहिरीजवळ, नाल्याला, जुन्या गोठ्याच्या जागी, आणि चुन्याचं बांधकाम होतं म्हणून जिथं मोटेचे बैल चालत त्या जुन्या धावेवर. बन्सीधर नावाचा शेजारचा शेतकरी बांधावरून म्हणाला, "वहिनी, रानाला डोळ्यात औषध घालायलाव का?" मी हसले नाही.

आत्याबाई सगळीकडे माझ्या मागोमाग. गुडघ्याचं नाव नाही. मला पाणी देत होत्या, डोक्यावर पदर घे ऊन लागंल म्हणत होत्या, आणि कुठली माती ते मात्र सांगत नव्हत्या. कडुलिंबाकडे वळले तर म्हणाल्या, "तिकडं चप्पल घालून जाऊ नको." तिथं पांडव आहेत आमचे, पाच दगड. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तिथंच कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालून पूजा होते. तिथं कोण खणतंय, म्हणून मी वळसा घालून पुढे गेले.

कुठंच फसफसलं नाही. निघताना आत्याबाईंनी डब्यात उकडलेल्या शेंगा भरल्या आणि विचारलं, "न्हाई जमलं तर काय हुईल गं?"

म्हटलं, "पाच वर्षं शिकले ते बुडालं, एवढंच."

त्या डबा हातात धरून गाडी सुटेपर्यंत उभ्या होत्या. मग धावत येऊन खिडकीतून डबा दिला. तोही विसरल्या होत्या द्यायचा.

११ डिसेंबर

आज लिहू की नको असं झालंय.

सरांनी बोलावून घेतलं. सर वाईट माणूस नाही, त्यांचाही जीव माझ्यात अडकलाय. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. हळूच म्हणाले, "तांब्याचं प्रमाण वाढवून बघ जरा. रंग जाईल. आकडे जवळपास मागचेच येतील."

वाढवून बघितलं. रंग गेला. वेळही मागच्याएवढाच आला. तीनदा केलं, तीनदा गेला. प्रमाण किती घातलं हे लेखात जुनंच ठेवलं की झालं, कुणाला कळणार?

धम्मशीलानं ओट्यावरून वाकून काचेतलं नितळ पाणी पाहिलं, मग वजनकाट्यावरचा माझा आकडा पाहिला, आणि आपल्या कामाला लागली. काही बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

उत्तराचा मसुदा लिहून ठेवलाय. पाठवला नाही अजून. मला लाज वाटायलीय आणि पाठवावंसंही वाटायलंय, दोन्ही खरं आहे.

१९ डिसेंबर, येळवस

हे सगळं नीट लिहायला पाहिजे.

सकाळीच गावी पोचलो. अख्खी भावकी शेतात. लिंबाखाली कडब्याची कोप घातलेली, बायकांच्या टोपल्यांत भज्जी, रोट्या, खीर, आंबिलीचं मडकं. मला मसुदा पर्समध्ये असल्यासारखं जड वाटत होतं, म्हणून मी उगाच आत्याबाईंच्या मागे मागे फिरत होते. त्या बादलीत चुना कालवून पांडवांना लावत होत्या. पाची दगड पांढरेशुभ्र झाले, वरून कावेचे पट्टे ओढले. बादलीत बराच चुना उरला होता. तो त्यांनी उचलून दगडांच्या बुडाशी ओतून दिला.

म्हटलं, "अहो घरी न्या की. ओट्याला होईल."

"घरी न्यायचा नसतो," म्हणाल्या. "ह्येंच्यासाठी कालवला त्यो ह्येंचाच."

"दरसाल असा ओतता?"

"दरसाल. लग्न होऊन आले तवापासून."

मी खालीच बसले. खत नाही, फवारा नाही, नांगर नाही. मी मागितली होती तशी जागा अख्ख्या शेतात एकच आहे, आणि त्या दिवशी बाटली घेऊन मी तिला वळसा घालून गेले होते. आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला कळलं. डोळ्यांनीच म्हणाल्या, गप बस.

मी गप्प बसलेही असते. पण आबासाहेब नारळ फोडायला पुढे आले. आबासाहेब म्हणजे मामंजींचे थोरले भाऊ, भावकीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. वाकून म्हणाले, "ह्यो भीम का कलायलाय?" बोटानं चाचपलं. "बुडाची माती गेलीय. हितं कुनी उकरलंय?"

आमचे हे म्हणाले, "डुकरं असत्याल. लय झालेत औंदा."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "डुक्कर न्हाई दादा. म्या उकरलं."

मला अजून तो आवाज ऐकू येतोय. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. म्हणाल्या, "सुनंच्या परीक्षेला माती पायजे हुती, खत-औषीद न लागल्याली. आपल्या रानात दुसरी कुटं हाय? गेल्या साली येळवस झाल्यावर येऊन काढली. पाया पडून काढली."

विजयमाला काकी, आत्याबाईंच्या धाकट्या जाऊ, पटकन बोलल्या, "तरीच औंदा तुरी उबळून वाळल्या."

मी म्हटलं, "मी मागितली होती. त्यांची चूक नाही." कुणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आबासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "इचारायचं हुतंस वच्छला."

"इचारलं असतं तर दिली असती का?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. "न्हाई," म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती घेऊन भागलं का तुझं?" मी सांगितलं की भागलं होतं, पण आता पुन्हा करून दाखवायचंय आणि मातीच नाही. म्हणाले, "किती लागती?" म्हटलं, ओंजळभर. "चप्पल काढ अन् घे. वाया जाऊ देऊ नको. खड्डा मातुर दोघींनी मिळून भरा, अन् पाच सवाष्णी जेवू घाला."

आम्ही दोघींनी हातानं माती आणून खड्डा भरला, भीमाला सरळ केलं. मी त्यांना हळूच म्हटलं, आधी का नाही सांगितलं मला? म्हणाल्या, "तुजं काम देवाचं चोरून झालंय म्हनून तुला कशाला सांगायचं? तू टाकून दिली असतीस." मी टाकून दिली नसती. पण त्यांना असं वाटलं यात माझाच दोष आहे. वर्षभर मी काय काय बोलले त्यांना, आणि त्या काय उराशी धरून होत्या.

सगळं निभावलं म्हणायचं. पुढं जेवणं छान झाली, आंबील प्यालो, पिकाला शिंपली. विजयमाला काकींनी चुन्याची बादली स्वतः धुतली आणि आपल्याकडे घेऊन गेल्या. तेवढं एक काम आमचं वाचलं.

परत आल्यावर मसुदा फाडला.

२७ डिसेंबर

तीन प्रकार केले. पांडवांच्या बुडातली माती. बांधावरची माती. आणि बांधावरच्याच मातीत क्रांती चौकातल्या दुकानातला चुना मिसळून. तांबं तिन्हीत तेवढंच, जुनंच प्रमाण.

पहिली: चहा गाळून होईपर्यंत पिवळं गेलं. दुसरी: पिवळंच. तिसरी: गेलं. पहिलीइतकंच झटकन गेलं. तीनदा केलं, धम्मशीलाच्या हातानं वेगळं करून घेतलं, तेच.

आता उमगलं काय होतंय ते. नुसत्या मातीत तांबं आत शिरतं, मातीच्या पापुद्र्यांत जाऊन बसतं, मग ते कुणाच्या कामाचं? चुना असला की ते आत जायच्या आधीच बाहेर धरलं जातं, बारीक बारीक होऊन वरच पसरतं. बागेवर फवारायला मोरचूद-चुन्याचं पाणी करतात तसंच जवळपास. तांबं सगळीकडे तेच होतं. मी पाच वर्षं तांब्याचंच कौतुक लिहीत आले.

सरांना आकडे दाखवले, आणि अकरा तारखेचे वाढवलेल्या तांब्याचेही दाखवले, हे पाठवणार नाही म्हणून सांगून. सर म्हणाले, "लेख नव्यानं लिही. मथळाच बदल. चुकलं होतं तेही लिही." आणि चहा मागवला. धम्मशीलाची माफी मागितली. ती म्हणाली, ताई, तुमच्या ओरडण्याची सवय झालीय, माफीची नाही, घाबरले मी.

४ जानेवारी

लेख पाठवला. नमुना कुठला या रकान्यात खरं ते लिहिलं: शेतातल्या पूजास्थानाच्या पायथ्याची माती, जिथं दरवर्षी चुना ओतला जातो. आधीचा निष्कर्ष अर्धवट होता असंही लिहिलं. आता स्वीकारतील की फेकतील. माझी झोप उडालीय.

१९ जानेवारी

संक्रांतीला आत्याबाई इकडेच आल्या. दरवर्षी गावात वाणाला सगळ्या घरी हिंडतात, औंदा म्हणाल्या तुझ्याकडे येते. म्हटलं, गावातल्या बायका काय म्हणतील? "हितं बी बाया हायतच की." मला बरंच वाटलं. तिळगूळ त्यांनीच केला, माझा वेळ वाचला. दोन दिवसांसाठी आल्या होत्या, जायचं नाव काढत नाहीत. माझी काही हरकत नाही.

मेल नाही अजून.

२७ जानेवारी

स्वीकारला. दोन ठिकाणी भाषा सुधारा, बाकी घेतला. परीक्षकानं लिहिलंय की पहिल्या लेखापेक्षा हा कितीतरी खरा आहे. सरांनी प्रबंधावर सही केली, पेन खिशाला लावलं, परत काढलं आणि तारीख घालायची राहिली होती ती घातली. मी बाहेर येऊन जिन्यावर रडले. धम्मशीला शेजारी बसली होती, तिच्या ओढणीला नाक पुसलं मी.

घरी आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला दाव की एकदा. काय केलंस त्या मातीचं."

२९ जानेवारी

आज प्रबंध दाखल करून आत्याबाईंना प्रयोगशाळेत घेऊन गेले. दारातच चप्पल काढायला लागल्या. म्हटलं, इथं घालायची असते, काचा असतात. स्टुलावर बसवलं. दोन नळ्यांत पिवळं पाणी घेतलं, रसायन घातलं. एकीत पांडवांची माती टाकली, दुसरीत दुकानच्या चुन्याची. दोन्ही बघता बघता नितळ झाल्या.

"ह्यी पांडवाची," मी म्हटलं, "आणि ह्यी साधी बांधावरची, चुना मिसळलेली."

"दोन्ही सारकीच की."

"सारखीच. काम चुन्याचं आहे आत्याबाई. तुमी दरसाल ओतता त्याचं."

त्या नळ्यांकडे बघत राहिल्या. "पांडवाचं न्हाई?"

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. म्हटलं, त्यांच्या पायाशी होता म्हणून तर टिकला. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "चुना दरसाल बाजारातनं मीच आनते," म्हणाल्या. "मीच कालवते."

"हो की."

"मंग हे दादांना समजंल असं सांगशील का?"

"का हो? आबासाहेबांनी तर दिली ना माती."

तेव्हा कुठं बोलल्या. येळवशीनंतर भावकीतलं कुणी त्यांच्या घरी येत नाही. वाणाला एकाही दारातून बोलावणं आलं नाही. पुढच्या येळवशीपासून पांडवांना चुना विजयमाला काकी लावणार, बादली त्याच दिवशी नेली, आणि आबासाहेब त्यावर हो म्हणाले नाहीत पण नाहीही म्हणाले नाहीत. हे सगळं माझ्या घरात तिळगूळ वळताना त्यांच्या पोटात होतं, आणि मी इथं लिहीत बसले होते की बादली धुवायचं काम वाचलं. मला स्वतःचाच राग आला. जवळ जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

म्हटलं, "रविवारी येते मी गावी. हेच सामान घेऊन. आबासाहेबांना आणि काकींना लिंबाखाली बसवून करून दाखवते."

"दाव," म्हणाल्या. "अन् सांग त्येंला, वच्छलानं पांडवाचं काई उचललं न्हाई म्हनावं. सोताच्या हातचा चुना हुता, सोताच्या सुनंला दिला."